काळ्या पट्ट्या

आक्काच्या पाठीवरून भांडण जुंपलं होतं आणि आक्का ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती.

"वन्सं, ऐका ऐका," भावजय फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात आली. "हा काय लिहितोय बघा, 'असली चित्रं बघायला वेगळ्या साइट असतात, तिकडे जावं. इथे आमच्या आयाबहिणी आहेत.'"

"त्याला म्हणावं, मीपण कुणाची तरी बहीणच आहे," आक्का म्हणाली. "तुझ्या नवऱ्याची."

भावजय खो खो हसली. बाहेरच्या खोलीत बाळ्या, म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ, उगाच खोकला. बायकोनं बहिणीचं असलं चित्र काढलं हे त्याला ठाऊक होतं, पण ते चित्र ज्या खोलीत होतं तिथे तो महिनाभर फिरकला नव्हता. चार्जर हवा असला तरी दारातून हाक मारायचा.

भावजय घरी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायची. सुरई, सफरचंद, डोंगराआडचा सूर्य. मुलांच्या वह्यांतली सफरचंदं गोल करता करता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. स्वतःचं म्हणून काही काढायचं राहूनच गेलं होतं. मग ती चित्रकारांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये गेली. हजारो माणसं त्यात. कुणी शिकणारे, कुणी नावाजलेले, आणि पुष्कळसे नुसतेच मत देणारे. दरवर्षी त्या ग्रुपमधली निवडक चित्रं खऱ्याखुऱ्या दालनात लागत. यंदा आपलं एक तरी लागावं, एवढंच भावजयीच्या डोक्यात होतं.

त्यासाठी तिनं आक्काला विचारलं, तेव्हा आक्का कामावरून येऊन पाय धूत होती.

"वन्सं, एक मागायचंय. रागावणार नसाल तर."

"साखर संपली वाटतं."

"नाही. तुमची पाठ हवीय."

आक्काला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती ओल्या पायांनीच उभी राहिली. पण तिनं कानावर हात ठेवले नाहीत. ती वृद्धाश्रमात बायकांना अंघोळ घालायच्या कामावर होती. उघडं अंग तिला नवं नव्हतं. सुरकुतलेली पोटं, टाके पडलेले गुडघे, लोंबलेले दंड, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. पहिल्या दिवशी म्हाताऱ्या अंग चोरून बसत. आक्का एक टॉवेल मांडीवर टाकी, एक खांद्यावर, आणि जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करी. धुतला की झाकी, मग पुढचा. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघून घेई. आठवड्याभरात त्याच म्हाताऱ्या तिच्यापुढे बसून सुनांच्या चहाड्या सांगायला लागत.

तरी स्वतःचं अंग ते स्वतःचं. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी देवापुढे बसली तेव्हा तिनं तो प्रश्नही फुलांबरोबर पुढे ठेवला. तिकडून काही नकार आला नाही. उठताना तिला वाटलं, नवरा गेल्यावर आपण चार दिवसांसाठी म्हणून या घरात आलो आणि राहिलो. या पोरीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. पहिल्यांदाच काही मागतेय.

"पाठ घे," तिनं भावजयीला सांगितलं. "चेहरा माझ्याकडे राहू दे."

"चेहरा कुणाला हवाय वन्सं! शपथ घेऊ?"

"शपथ नको. तू म्हणालीस, झालं."

सुट्टीच्या दिवशी सकाळी बैठक असे. खिडकीपाशी लाकडी स्टूल, पायाशी हीटर. आक्का पाठ करून बसे, ओले केस पुढे घेई आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत राही. इतका वेळ नामस्मरण तिला एरवी कधी जमलं नव्हतं. एकदा भावजय मागून म्हणाली, "वन्सं, तुमच्या पाठीवर एवढी जागा आहे, मी उगाच कॅनव्हास आणला." आक्का मान वळवून जी हसली ती हसतच राहिली. तेवढ्यात भावजयीनं बाजूला जाऊन फोटो काढला. उजेड असा पुन्हा मिळायचा नाही म्हणाली. रंग बघायला लागतो, फोनमध्येच राहील.

चित्र मात्र खरंच उतरलं. पाठ होती, कमरेची वळी होती, काखेखाली छातीचा जेमतेम बाक होता. आणि खांद्यांवर, पाठीवर आतल्या कपड्याच्या पट्ट्यांचे लालसर वण होते, घट्ट घातलेलं नुकतंच काढल्यावर उमटलेले असतात तसे. आक्का ते वण बघत बराच वेळ उभी राहिली. आपल्याला मागून कुणी इतकं नीट बघितलं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

ग्रुपवर सगळं घोडं त्या वणांपाशीच अडलं.

'स्पष्टवक्ता' असं नाव लावणाऱ्या कुणीतरी लिहिलं की नग्नता आणि नंगेपणा यांत फरक आहे. जुन्या थोर चित्रांतल्या बायका मुळातच वस्त्रांशिवाय असतात, त्यांना कपडे ठाऊकच नसतात. ही बाई आत्ता कपडे काढून बसलेली आहे, वण दिसताहेत. म्हणजे काढण्याची क्रिया सुचवलेली आहे. म्हणजे हे अश्लील. शंभर जणांनी त्यावर अंगठे दिले. उलट बाजूनं कुणी लिहिलं की तोच तर यातला प्राण आहे, हे शरीर देवीचं नाही, राबणाऱ्या बाईचं आहे. त्यावर आणखी कुणी, की राबणाऱ्या बाईला उघडं करून तुम्हाला कळवळा येतो का. भावजय सगळं वाचून दाखवी. गावभर आपल्या पाठीची चर्चा चालली आहे आणि आपण कांदा चिरतोय, याची आक्काला आधी आधी गंमतच वाटली.

"ही एक बाई किती सुंदर लिहिते बघा," भावजय म्हणाली. "'या पाठीकडे बघताना मला माझ्या आईची आठवण झाली. ज्याला यात घाण दिसते त्यानं आपले डोळे धुवावेत.'"

"कुणाची लेक आहे, भलं होवो तिचं," आक्का म्हणाली.

मग गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. स्पष्टवक्त्यानं लिहिलं की हे चित्र मुळी बसवून काढलेलंच नाही. वण इतके हुबेहूब आहेत म्हणजे कुठल्यातरी घाणेरड्या साइटवरचा फोटो उचललाय, नाहीतर यंत्राकडून करून घेतलंय. आणि फोटो उचललेला असला तर ती कला नाहीच, उचलेगिरी आहे. झालं. जे बाजूनं होते तेही गप्प झाले. ग्रुप चालवणाऱ्या ऍडमिननं भावजयीला कळवलं की असा संशय आला की नियमाप्रमाणे ग्रुपवर सगळ्यांसमोर पुरावा द्यावा लागतो. चित्र आणि समोर बसलेली व्यक्ती, दोन्ही एकत्र दिसतील असा फोटो. मात्र चित्रात नग्नता चालत असली तरी फोटोत चालत नाही, तेव्हा फोटोतले अवयव झाकून टाकावेत. पुरावा पटला की चित्राला हिरवी खूण मिळेल. नाही दिला तर निवडीतून नाव बाद.

भावजयीनं जेवण सोडलं. आक्का कामावर गेली होती. फोनमध्ये तसा फोटो एकच होता, तो हसतानाचा.

आक्काला हे कळलं ते वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. चहाच्या वेळी तिथल्या मावशीनं दार लोटून घेतलं आणि फोन पुढे केला.

"माझ्या भाच्यानं पाठवलाय. हे तुम्हीच ना हो?"

फोटोत आक्का होती. अर्ध्या वळलेल्या मानेनं, तोंड भरून हसणारी. शेजारी इझलवर चित्र. आणि आक्काच्या अंगावर काळ्या पट्ट्या. एक छातीवर आडवी, एक कमरेखाली, आणि एक उगाचच पाठीवर तिरकी, जिथे झाकण्यासारखं काही नव्हतंच. पट्ट्या मारणारीचा हात घाईत असावा.

आक्का त्या फोटोकडे बघत राहिली. चित्र काढताना तिला लाज वाटली नव्हती. चित्र बघतानाही नाही. आता तिच्या कानशिलातून वाफ निघाली. पट्ट्यांमुळे असं वाटत होतं की मागे काहीतरी भयंकर आहे, आणि त्या भयंकराचं या बाईला हसू येतंय.

"मीच आहे," ती म्हणाली.

"अगं बाई," मावशी म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून, "किती देतात हो असल्याचे?"

संध्याकाळी आक्का घरी आली तेव्हा भावजय दारातच होती, चेहरा उजळलेला.

"वन्सं, हिरवी खूण मिळाली! त्या स्पष्टवक्त्याची वाचाच बसली. शेवटी लिहिलंन, 'आता मान्य, ही कला आहे.'"

"माझा चेहरा दिलास तू."

भावजयीचं हसू लगेच गेलं नाही. ओसरायला वेळ लागला. "मी सगळं झाकलं वन्सं. नीट झाकलं. नियम होता तसंच."

"चेहरा?"

"चेहऱ्याचं..." ती अडखळली. "चेहऱ्याचं नियमात काही नव्हतं."

आक्का खुर्चीवर बसली. तिला ओरडता येत नसे, जन्मात आलं नव्हतं. तिचा आवाज राग आला की आणखीच खाली जाई.

"नियमात नव्हतं. तुझ्या माझ्यात होतं."

"देवाशपथ, माझ्या लक्षातच आलं नाही. मी नुसती त्या अवयवांच्या मागे लागले होते. कुठे राहून जायला नको, कुठे दिसायला नको... तुमची लाज झाकायचीच धडपड करत होते हो मी."

"माझी लाज तिथे नव्हती गं," आक्का म्हणाली.

बाहेरच्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. "आता झालं ते झालं," बाळ्या तिथूनच म्हणाला. "तुम्ही दोघी बघा बाई काय ते. मला यात ओढू नका."

"तुला कुणी ओढलं रे?" आक्का म्हणाली. "तू बस."

फोटो काढून टाक, एवढंच तिचं म्हणणं होतं. भावजय रडली. काढते म्हणाली. मग फोन हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. पुरावा काढला तर हिरवी खूण जाते. खूण गेली तर चोरून काढलंय म्हणणारे पुन्हा अंगावर येतील, आणि निवड तर तोंडावर आलेली.

"निवड होईपर्यंत थांबाल का वन्सं? मग लगेच काढते. कोण बघतंय तोवर? चार चित्रकार."

आक्कानं त्या पोरीच्या बोटांना लागलेला रंग बघितला. नाही म्हणायला हवं होतं. ती काही म्हणालीच नाही, आणि भावजयीनं त्याचा हवा तो अर्थ घेतला.

बघणारे चार चित्रकार नव्हते. फोटोतलं चित्र कातरून कुणी नुसतीच आक्का पुढे पाठवली. चित्र गेल्यावर तर उरल्या फक्त पट्ट्या आणि हसू.

आठवडा उलटला नसेल, वृद्धाश्रमाच्या मेट्रन बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर मास्तरीण आजींची लेक बसली होती. मास्तरीण आजी म्हणजे जन्मभर शाळेत शिकवलेली, आता निम्मं विसरलेली, पण अजूनही कुणी चुकीचं बोललं की टोकणारी म्हातारी. अंघोळीला आक्काशिवाय कुणाला हात लावू देत नसे. लेक दर रविवारी यायची, आईला पुस्तकं वाचून दाखवायची, आक्काला "ताई" म्हणायची.

"आधी सांगते, मी संकुचित नाही," लेक म्हणाली. "मी स्वतः त्या ग्रुपमध्ये आहे. तुमच्या चित्राच्या बाजूनं मी भांडलेय. घाण दिसत असेल त्यांनी डोळे धुवा, असं लिहिलंय मी."

आक्काला त्या ओळी आठवल्या. भलं होवो म्हटलं होतं, तेही आठवलं.

"पेंटिंग अप्रतिम आहे. प्रश्न फोटोचा आहे."

"तीच पाठ आहे ताई," आक्का म्हणाली. "तीच सकाळ."

"असेल. पण चित्र म्हणजे चित्र असतं. तो फोटो..." तिनं चष्मा काढून पुसला. "आता तुम्ही आईला अंघोळ घालताय म्हटलं की मला तेच डोळ्यांपुढे येतं."

"काय येतं?"

लेकीनं चष्मा परत चढवला. "तुम्ही हसताय त्यात," ती शेवटी म्हणाली.

"हो ना," मेट्रन बाई म्हणाल्या. "हसायला काय झालं होतं, आक्का? निदान गंभीर असतीस तर काहीतरी सांगता आलं असतं."

आक्काला तो कॅनव्हासचा विनोद सांगावासा वाटला. सांगितला असता तर तोही घाण झाला असता.

"काढून टाकत नाही तुला," मेट्रन बाई म्हणाल्या. "मी इतकी वाईट नाही. पण आणखी दोन घरांचे फोन आलेत. अंघोळी नको. तू कपड्यांवर ये. धुणं, घड्या, टॉवेल पोचवणं."

"आजींना विचारलंत?"

"आईला काय कळतंय आता," लेक म्हणाली, अगदी मायेनं.

भावजयीचं चित्र निवडलं गेलं. दालनातल्या भिंतीचा फोटो आला. चित्राखाली भावजयीचं नाव होतं आणि पुढे हिरवा ठिपका. तिनं बोलल्याप्रमाणे त्याच दिवशी पुरावा काढायला घेतला. निघेना. निवडलेल्या चित्रांचे पुरावे कुलपात जातात, असा नियम होता. उद्या कुणी आव्हान दिलं तर हाताशी हवेत म्हणून. ग्रुपवर ते दिसत राहत, पण चित्रकारालासुद्धा मग हात लावता येत नसे. फक्त फोटोतल्या व्यक्तीनं स्वतः तक्रार केली तर विचार होई.

"मग तुमच्या नावानं करू तक्रार," भावजय म्हणाली. तिनं आक्काच्याच फोनवरून ग्रुपमध्ये नाव घातलं आणि आक्का सांगेल तसं लिहिलं. आक्कानं फार सांगितलं नाही. "लिही, हा चेहरा माझा आहे. देताना मला विचारलं नव्हतं. काढून टाका."

विचारलं नव्हतं, हे लिहिताना भावजयीची बोटं थबकली. पण तिनं ते लिहिलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. आक्का देवापुढून उठली होती, चहा व्हायचा होता. भावजयीनं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज बदलला, तरी ती शेवटपर्यंत वाचत गेली. मजकूर मोठा नम्र होता. नमस्कार. आपली तक्रार मिळाली. आपल्या भावनांचा आदर आहे. मात्र एखाद्या कलाकाराविषयी असूया बाळगून कुणीही अशी तक्रार करू शकतं, तेव्हा आपणच ती व्यक्ती आहात याची खातरी होणं गरजेचं आहे. कृपया चेहरा आणि पाठ एकत्र दिसेल असा ताजा फोटो पाठवावा, म्हणजे मूळ फोटोशी ताडून बघता येईल. फोटोत नग्नता चालत नसल्यानं अवयव झाकावेत.

स्वयंपाकघरात चहा उतू जायला लागला. आक्कानं गॅस बंद केला.

"मिनिटाचं काम आहे वन्सं," भावजय हळूच म्हणाली. ती आता हसत नव्हती. तिला खरंच मदत करायची होती, हे आक्काला दिसत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं. "त्याच स्टुलावर बसा. एकदा पाठवला की तो जुना निघेल. आणि पट्ट्या... या वेळी मी नीट मारते."

"आणि हा कुठे ठेवतील?"

"हा त्यांच्याकडेच राहील. कुलपात."

आक्कानं चहा गाळला. तीन कप भरले. बाळ्याचा कप बाहेर नेऊन ठेवला, भावजयीचा तिच्यापुढे सरकवला. स्वतःचा उभ्या उभ्या संपवला.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तिथेच."

"पण वन्सं, लोक..."

"लोकांनी बघून घेतलंय. आता बघणारा राहिला असेल तर तो वरचा, आणि त्याला तुझ्या पट्ट्या लागत नाहीत." तिनं कप धुऊन पालथा घातला. "आणि मला पुन्हा काही मागू नकोस हं. काहीच. साखरसुद्धा मागू नकोस."

हे ती इतक्या सावकाश म्हणाली की बाहेर बाळ्याला काही ऐकूही गेलं नाही. तो म्हणाला, "आज चहा झकास झालाय."

वृद्धाश्रमात तिनं वाळलेले टॉवेल काढले, घड्या घातल्या, थप्पी दोन्ही हातांवर घेतली आणि अंघोळीच्या खोल्यांकडे निघाली. पहिले काही दिवस मास्तरीण आजींच्या दारावरून पुढे जाणं जड जायचं. नवी पोरगी आत असे आणि आजी ओरडत, "तू नाही, तू नाही! दार लाव! माझ्याकडे बघू नको! ती कुठाय, तिला बोलव!" नावही धड आठवत नसे त्यांना, नुसतं ती, ती. पोरगी वैतागून म्हणे, "ओ आजी, मला काय हौस आहे का तुम्हाला बघायची?" आक्का टॉवेल उंबऱ्याशी ठेवी, दारावर टिचकी मारी आणि निघून जाई. आत जायची तिला मनाई होती. मनातून मात्र एक गोष्ट ती देवापाशीही कबूल करत नव्हती. ते ओरडणं ऐकायलाच ती या बाजूच्या खोल्या आधी घ्यायची.

आज ती टॉवेल घेऊन दारापाशी थांबली. आतून पाण्याचा आवाज येत होता. बादलीत तांब्या बुडाला, वर आला. पोरगी म्हणाली, "हात वर करा आजी." आजींनी बहुतेक केला असावा.

आक्का थोडी वाट बघत उभी राहिली. पुन्हा तांब्या बुडाला. पोरगी कसलंतरी गाणं गुणगुणत होती. आजींचा आवाज आला नाही.